थर्मिस्टर व डेटा लॉगरने तापमापन (ग्रामीण विदर्भ)

थर्मिस्टर हा तापमानाबरोबर विद्युत रोध ठळकपणे बदलणारा अर्धवाहक घटक. ठरावीक वेळाने ते माप तारीख-वेळेसह साठवून ठेवणारे उपकरण म्हणजे डेटा लॉगर. मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांच्या ऑक्साइडांची पूड भट्टीत भाजून केलेला थर्मिस्टरचा मणी ज्वारीच्या दाण्याएवढा असतो. तो तापला की त्याचा रोध घटतो. हा उलटा स्वभाव मायकेल फॅरेडे यांना १८३३ मध्ये चांदीच्या सल्फाइडात दिसला होता. बाजारात चालेल असा थर्मिस्टर सॅम्युएल रूबेन यांनी १९३० मध्ये बनवला.

सर्रास मिळणारा थर्मिस्टर २५° से.ला १० किलोओहमचा असतो (ओहम हे रोधाचे एकक). हिवाळ्यातल्या पहाटे पारा १०°वर आला की तोच सुमारे २० किलोओहम भरतो, आणि नवतपातल्या (मेअखेरच्या नऊ कडक दिवसांतल्या) दुपारी ४८°ला चारच्याही खाली उतरतो. फरक इतका मोठा, की वावरातून घरापर्यंत लांब वायर ओढली तरी तिच्या दोन-चार ओहमांनी काही बिघडत नाही. १० किलोओहमचा साधा रेझिस्टर (रोध न बदलणारा घटक) जोडीला लावून दोघांमधला व्होल्टेज आर्डुइनोसारखा छोटा संगणक-बोर्ड वाचतो आणि सूत्राने त्याचे अंश करतो. दर १५ मिनिटांनी नोंद घेतली तर दिवसाला ९६ आणि वर्षाला ३५,०४० ओळी होतात. त्या एक एमबीतही मावतात. लोडशेडिंगच्या गावात लॉगर बॅटरीवर ठेवावा आणि घड्याळाला वेगळा बटनसेल द्यावा, नाहीतर वीज आली की नोंदी पुन्हा पहिल्या तारखेपासून सुरू.

विदर्भात यंत्रापेक्षा ते टांगण्याच्या जागेवर जास्त डोके खर्च करावे लागते. उन्हात उघडा ठेवलेला मणी हवेचे तापमान सांगत नाही, स्वतःचे सांगतो. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९° नोंदले गेले, ते सावलीतल्या हवेचे. मे २०२४ मध्ये तिथल्याच एका स्वयंचलित केंद्राने ५६° दाखवले; दिवसभर मोबाइल वाजले, मग तो सेन्सरचा बिघाड निघाला. पांढऱ्या प्लास्टिकच्या थाळ्या मध्ये फट ठेवून एकावर एक रचल्या आणि मणी आत, जमिनीपासून दीड मीटरवर टांगला, की काम भागते. टिनाच्या पडवीला टांगू नये.

घरातली नोंद अधिक बोलकी. टिनाचे छत दुपारी भाजून काढते, पण दिवस मावळला की लवकर निवते. स्लॅबचा आलेख वेगळा: बाहेरची हवा उतरणीला लागल्यानंतरही छताच्या आतल्या बाजूचा पारा कित्येक तास चढत राहतो. लोक अंगणात बाज का टाकतात, ते त्या रेषेत दिसते. भाव वाढण्याची वाट पाहत घरात साठवलेल्या कापसाच्या गंजीतही एक मणी खुपसून ठेवता येतो. ओला कापूस आतून तापू लागला की वरून हात लावून कळत नाही, आकडा मात्र चढतो.

तपासणीसाठी ठेचलेला बर्फ आणि थोडे पाणी ग्लासात ढवळून मणी बुडवावा; ०° यायला हवे. उकळत्या पाण्याला १००° धरू नये. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच असल्याने तिथे पाणी साधारण ९९°लाच उकळते. मण्यातून सतत वीज सोडली तर तो स्वतःच अर्धा अंशभर तापतो, म्हणून वाचण्यापुरतीच द्यावी.

बिघाड आकड्यावरून ओळखू येतो. उंदराने वायर कुरतडून तोडली, की रोध अनंत होतो आणि भर मे महिन्यात उणे तापमान दिसते. दोन तारा एकमेकींना टेकल्या तर शेकडो अंश. पावसाळ्यात जोडात ओल शिरली तर आकडा हळूहळू वर सरकतो, आणि तोच पकडायला सर्वांत अवघड, कारण तो खरा वाटतो.