उभं राहणं जीवघेणं नव्हतं

15 एप्रिल 1989 रोजी इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या चाहत्यांची चेंगराचेंगरी झाली. मृतांचा आकडा पुढे 97 झाला. या दुर्घटनेच्या चौकशीचा टेलर अहवाल 1990 मध्ये आला आणि त्यानंतर इंग्लंडच्या मोठ्या मैदानांवरून उभं राहून सामना बघायच्या जागा गेल्या, खुर्च्या आल्या. तिकिटंही महागली आणि कामगार वस्त्यांतली पोरं हळूहळू मैदानाबाहेर पडली. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दोष उभं राहण्याचा नव्हताच.

त्या दिवशी बाहेरची गर्दी आवरेना म्हणून पोलिसांनी एक मोठं फाटक उघडलं. लोंढा समोरच्या बोगद्यातून थेट उभ्याच्या जागेतल्या मधल्या, आधीच भरलेल्या कुंपणबंद कप्प्यांत शिरला; बाजूच्या कप्प्यांत जागा होती. चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की कुणाचंच पाऊल स्वतःच्या ताब्यात राहत नाही. मागचा धक्का अंगाअंगातून पुढे सरकतो आणि वाटेत वाढत जातो. मधल्या कप्प्यांपैकी तिसऱ्या क्रमांकाच्या कप्प्यातला लोखंडी कठडा या दाबाने मोडला. बहुतेकांचा जीव छाती फुगायला जागाच न उरल्याने, श्वास कोंडून गेला.

उपाय धक्क्यांच्या याच साखळीवर आहे: ती जागोजागी तोडायची. 'रेल सीट'मध्ये रांगेगणिक कमरेच्या उंचीचा मजबूत कठडा असतो आणि त्यातच घडीची खुर्ची. गोल झाल्यावर कुणी उसळलं तरी धक्का त्याच रांगेत संपतो. पुढच्या रांगेवर कोसळायला वाटच नसते.

जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबच्या मैदानात, दक्षिण स्टँडमध्ये सुमारे 25 हजार लोक उभे राहतात. त्यामुळे जर्मन लीगच्या सामन्याला मैदानात 81 हजार प्रेक्षक मावतात. सगळ्यांना बसवायचं झालं तर जेमतेम 66 हजार. स्वस्त तिकिटाचं गणित इथे जुळतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जानेवारी 2022 पासून पाच मैदानांवर अशा उभ्याच्या जागांची चाचणी झाली आणि त्याच वर्षीच्या नव्या हंगामापासून फुटबॉलच्या वरच्या दोन विभागांत त्यांना परवानगी मिळाली. पण अट अशी की एका खुर्चीमागे एकच माणूस. मग प्रेक्षक वाढणार कुठून आणि तिकीट उतरणार कसं? ही अट सैल करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

मात्र नुसते कठडे पुरणार नाहीत. ब्रिटनच्या सुरक्षा मार्गदर्शिकेनुसार उभ्याच्या जागेत 10 चौरस मीटरमागे कमाल 47 माणसं चालतात, आणि सामना सुटल्यावर सगळे आठ मिनिटांत बाहेर पडायला हवेत. जुन्या मैदानांत काम अडतं ते या दुसऱ्या आकड्यापाशी. तिथे आधी जिने आणि फाटकं रुंद करावी लागतील, आणि कुठल्या भागात किती माणसं शिरली याची मोजणी दारातच करावी लागेल.