कंबरेच्या वाफ्याला पाणी पोचतंय का?

कंबरेत उसण भरली की माणूस दोन दिवस वाकडा चालतो. दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळलं की मग एमआरआय होतो आणि रिपोर्ट हातात पडतो: एल४-एल५ची, म्हणजे कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली, चकती फुगली आहे, तिच्याखालच्या एल५-एस१ चकतीतलं पाणी कमी झालंय. वाचून पोटात गोळा येतो. पण ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय तपासले, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे चित्रात झीज दिसली, तरी दुखणं तिथूनच येतंय असं म्हणता येत नाही. २०२० साली जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, आणि त्यातल्या बहुतेकांत नेमकं एक कारण सापडत नाही.

या सगळ्यात स्नायूंची विचारपूस फार कमी होते, असं मला वाटतं. कण्याच्या दोन्ही बाजूंना दाबून पाहिलं की दोरासारखे जे उंचवटे हाताला लागतात, ते इरेक्टर स्पायनी. त्याच्या आत, मणक्यांना खेटून मल्टिफिडस. आपण वाकतो, बसतो, बादली उचलतो तेव्हा कणा हेच सावरतात. हे स्नायू एका चिवट पडद्यात गुंडाळलेले असतात. बराच वेळ आवळून राहिले की आतला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या चेपतात आणि प्राणवायू कमी पडू लागतो. नेहमीच्या एमआरआयमध्ये या स्नायूंचा आकार दिसतो, त्यांत साठलेली चरबी दिसते. रक्त किती पोचतंय, ते दिसत नाही.

शेतात दारं धरणाऱ्याला हा प्रश्न रोजचा असतो. पाट भरून वाहतोय, पण शेवटच्या वाफ्यात पाणी शिरतंय का? वरच्या अंगाला मूठभर भुसा टाकला की तो कुठे जातो ते बघता येतं. वैद्यकातला भुसा म्हणजे शिरेतून टोचायचं, एमआरआयमध्ये उठून दिसणारं गॅडोलिनियम या धातूचं औषध. ते उपयोगी आहेच. पण मूत्रपिंडं अधू असलेल्या काही रुग्णांत त्याचा संबंध कातडी आवळून कडक करणाऱ्या एका आजाराशी असल्याचं २००६मध्ये पुढे आलं, आणि २०१४मध्ये जपानी डॉक्टरांनी त्याचा अंश मेंदूत साठत असल्याच्या खुणा दाखवल्या. शिवाय दर दहा मिनिटांनी ते कुणाला टोचणार?

मग भुसा न टाकता पाण्यावरच खूण केली तर? १९९२मध्ये अमेरिकेतले संशोधक जॉन डेट्रे, अ‍ॅलन कोरेट्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूत हेच केलं. रक्तात पाणी असतं, पाण्यात हायड्रोजन, आणि हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एक चिमुकलं चुंबक. अवयवाकडे निघालेल्या रक्तातली ही चुंबकं रेडिओलहरींच्या एका झटक्यात उलटी करायची, सेकंद-दीड सेकंद थांबायचं आणि चित्र काढायचं. मग खूण न करता दुसरं चित्र काढायचं. एकातून दुसरं वजा केलं की स्थिर असलेलं सगळं पुसलं जातं आणि उरतं ते फक्त नुकतंच आलेलं रक्त. मला ही वजाबाकी फार देखणी वाटते.

कंबरेत मात्र ती अवघड जाते. खूण टिकते थोडा वेळ: ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) यंत्रात साधारण १.६ सेकंदांत ती एक तृतीयांशावर येते. तेवढ्यात रक्ताला महारोहिणीतून कंबरेच्या बारीक रोहिण्यांत वळून, मणक्याला वळसा घालून मागे पोचायचं असतं. त्यात मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागतं, तर निवांत स्नायूला जेमतेम काही मिलिलिटर. इतकी पुसट खूण श्वासाच्या हालचालीतही हरवते, म्हणून तीच जोडी पुन्हा पुन्हा काढून सरासरी घ्यावी लागते.

दुसरी वाट फ्रान्सच्या डेनिस ल बिहान यांनी १९८६मध्ये दाखवली. यात खूण करायचीच नाही, पाण्याच्या रेणूंची चाल मोजायची. पेशींभोवतालचं पाणी जागच्या जागी घुटमळतं. केशवाहिन्यांच्या जाळ्यातलं पाणी वाकडंतिकडं पण त्याच्या कितीतरी पट वेगाने पळतं. हालचाल टिपणाऱ्या चुंबकीय झटक्यांचा जोर थोडा थोडा वाढवत नेला की पळणाऱ्या पाण्याचा संदेश आधी विझतो, घुटमळणाऱ्याचा मागाहून. या फरकावरून त्या भागात वाहतं रक्त किती, याचा अंदाज बांधता येतो.

निरोगी माणसांना पालथं झोपवून पाठ उचलण्याचा व्यायाम करायला लावला आणि लगेच यंत्रात घेतलं, तर आधीच्या आणि नंतरच्या चित्रांत कण्यालगतच्या स्नायूंतला प्रवाह वाढलेला मोजता येतो. जुनाट कंबरदुखीत प्रवाह कमी पडतो म्हणून स्नायू दुखतो, की दुखतं म्हणून माणूस हलत नाही आणि प्रवाह मंदावतो, हे एका चित्रावरून ठरणार नाही. त्यासाठी तोच माणूस पुन्हा पुन्हा तपासावा लागेल: व्यायामाआधी, व्यायाम संपल्यावर, आणि सहा आठवडे फिजिओथेरपी झाल्यावर. ही मोजणी अजून मुख्यतः संशोधनातच आहे, नेहमीच्या रिपोर्टात ती येत नाही. पण सुई टोचायचीच नसल्यामुळे त्याच कंबरेचं, त्याच मल्टिफिडसचं चित्र हवं तितक्या वेळा काढता येतं.