झगा तोच, बाई वेगळी

‘ब्रिजर्टन’ ही मालिका आवडली म्हणून कुणी ‘आउटलँडर’ लावतं आणि दुसऱ्याच भागात विचारतं, “अगं, हे एवढं रक्त कशाला?” जुने झगे, घोडे, वाडे आणि लग्नं दोन्हीकडे आहेत, त्यामुळे गल्लत होते खरी.

‘ब्रिजर्टन’ची डॅफ्नी १८१३ च्या लंडनमधली. तिला आपल्या काळापलीकडचं काही ठाऊक नाही. लग्नानंतर नवरा-बायकोत काय घडतं, हेही आईनं धड सांगितलेलं नाही. ‘आउटलँडर’ची क्लेअर म्हणजे दुसऱ्या महायुद्धात काम केलेली नर्स. १९४५ मध्ये स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसजवळ एका उभ्या दगडाला हात लावते आणि १७४३ मध्ये जाऊन पडते. तिथं जेमी नावाच्या स्कॉटिश तरुणाचा (हाच पुढे तिचा नवरा होतो) निखळलेला खांदा गडी माणसं हिसका देऊन बसवायला निघालेली असतात. ही त्यांना हटकते आणि स्वतः बसवते. पुढे जखमेसाठी आयोडीन मागते, तर सगळे नुसते बघत राहतात. अल्कोहोल म्हटल्यावर मात्र व्हिस्की लगेच निघते!

गंमत म्हणजे लेखिका डायना गॅबाल्डन यांना कालप्रवास लिहायचाच नव्हता. अठराव्या शतकातल्या स्कॉटलंडची सरळ ऐतिहासिक कादंबरी लिहिताना त्यांनी एक इंग्रज बाई आणली, आणि ती आजच्या बाईसारखी फटकळ बोलायला लागली. वळण लावून पाहिलं, ऐकेना. मग ती विसाव्या शतकातलीच ठरली. साध्या ऐतिहासिक प्रेमकथेत नायिकेच्या तोंडी आजचे विचार घालायचे तर ते चोरून घालावे लागतात. इथं चोरी उरतच नाही, आणि मला हा मामला जास्त प्रामाणिक वाटतो.

शिवाय क्लेअरला पुढचं माहीत आहे. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर हायलँडर्सची, म्हणजे जेमीच्या डोंगराळ मुलखातल्या माणसांची, फौज तासाभरात संपणार. डॅफ्नीच्या गोष्टीत ‘जमेल का?’ एवढीच हुरहुर. इथं जमलेलं असतं, पण किती दिवस? पानिपतावरचं काहीही वाचताना भाऊ हत्तीवरून उतरायला लागले की आपण मनात ‘नका उतरू’ म्हणतोच ना? क्लेअर म्हणजे तसं म्हणणारा वाचकच गोष्टीत शिरलाय.

पडद्यावर एक अडचण येते. १९९१ ची कादंबरी क्लेअरच्याच तोंडून आहे. २०१४ च्या मालिकेनं त्यासाठी तिचं निवेदन ठेवलं. पण सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून जेमी तिला पट्ट्यानं मारतो, तो नववा भाग जेमीच्या तोंडून येतो. पुस्तकात आपण तिच्या संतापात असतो, इथं त्याच्या काळाच्या रीतीत. आणि मग त्याच भागात ती त्याच्यावर सुरी रोखून बजावते, पुन्हा हात उचललास तर काळीज काढीन.