काळी जमीन: आतून काळी की वरून?

गाडी आणि तंबू घेऊन वाळवंटात निघालेल्या माणसाला कुणी ‘पुढे काळी जमीन लागेल’ एवढंच सांगितलं, तर काहीच सांगितलं नाही असं समजावं. ती लाव्हाची असेल, नाहीतर साध्या खडीची असेल, जिच्यावर हजारो वर्षांत काळा लेप चढला आहे. उन्हात थरथरणाऱ्या हवेतून लांबून बघितलं तर दोन्ही सारख्याच. जवळ गेल्यावर कळतं: पहिलीवर टायर फाटतात. दुसरीवर गाडी झकास पळते, पण तिची चाकोरी कित्येक पिढ्या तिथेच राहते.

अरबी मुलखात हा घोळ होत नाही, कारण तिथे शब्दच वेगळे आहेत. लाव्हाच्या माळाला ‘हर्रा’. खडीच्या सपाटीला अल्जीरियाकडे ‘रेग’ आणि लिबियाकडे ‘सरीर’. प्रवाशांच्या हातातले नकाशे मात्र सरसकट ‘ब्लॅक डेझर्ट’ लिहून मोकळे होतात. जॉर्डनच्या ईशान्येचं ब्लॅक डेझर्ट म्हणजे अस्सल हर्रा. सीरियापासून सौदी अरेबियापर्यंत गेलेल्या अफाट बेसाल्टचा (थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाचा) मधला तुकडा. इजिप्तमध्ये बहरिया आणि फराफ्राच्या दरम्यानचं ब्लॅक डेझर्ट निराळंच आहे. तिथे टेकड्यांच्या माथ्यावरचा काळा अग्निजन्य खडक फुटून खालच्या तांबूस जमिनीवर विखुरला आहे. एकाच नावावर विसंबून तयारी केली तर फसगत ठरलेली.

आधी लेपाबद्दल बोलू, कारण न पटणारी गोष्ट तीच आहे. याला डेझर्ट व्हार्निश म्हणतात. हवेतली बारीक धूळ दगडावर बसते, दवाने किंवा पावसाच्या शिंतोड्याने अधूनमधून ओली होते, आणि तिच्यातली चिकणमाती मँगनीज व लोहाच्या ऑक्साइडांसकट दगडाला घट्ट धरून बसते. मँगनीज भरपूर असेल तर रंग काळा, लोहाचा जोर असेल तर तांबूस. हे नेमकं कसं घडतं, त्यात जिवाणूंचा हात किती, यावर अभ्यासकांचे वाद अजून मिटलेले नाहीत. वेग मात्र गोगलगाईलाही लाजवणारा: हजार वर्षांत काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). पुरता काळा झालेला लेपसुद्धा सहसा माणसाच्या दोन-तीन केसांच्या जाडीपलीकडे जात नाही. आतला दगड पांढरा, पिवळा, करडा, कसलाही असू शकतो.

पेरू देशातल्या नाझ्काच्या रेषा, म्हणजे जमिनीवरची अवाढव्य प्राचीन चित्रं, याच गंमतीवर काढल्या आहेत. वरचे काळपट दगड बाजूला सारले, खालची फिकट जमीन उघडी पडली, झालं चित्र. तिथे पाऊस नगण्य, त्यामुळे दीड-दोन हजार वर्षं ती टिकली. २०१८ च्या जानेवारीत एका ट्रकचालकाने हमरस्ता सोडून ट्रक आत घातला, आणि जुन्या रेषांवर चाकांचे नवे चर उमटले. चित्र काढायला जी युक्ती लागली, तीच ट्रकने नकळत वापरली!

अशा रेगवर दगडांचा एकच थर असतो, फरशीसारखा एकमेकांना लागून बसलेला. खाली दगड जवळपास नसतातच. असते ती वाऱ्याने आणलेली मऊ, बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेली माती. चाक गेलं की दगड बाजूला सरकतात, माती दबते, वारा तिला उचलू लागतो. कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात १९४२ ते १९४४ दरम्यान अमेरिकी सैन्याने रणगाड्यांचा सराव केला. त्या रणगाड्यांच्या खुणा आजही जमिनीवर दिसतात. ‘जरा आडवं जाऊन बघू, कुणाचं काय बिघडतंय’ हा मोह रेगवरच होतो, कारण तिथे जाणं सोपं असतं. मला विचाराल तर दोन्हींत जास्त जपण्यासारखी जमीन हीच.

लाव्हाचं उलटं आहे. तो आरपार काळा असतो, आणि जपावं लागतं ते आपल्याला. त्याच्या दोन मुख्य तऱ्हांना शास्त्रात हवाई बेटांच्या भाषेतली नावं आहेत. ‘पाहोएहोए’ म्हणजे गुळगुळीत, कधी दोरखंडाच्या वळ्यांसारखा. ‘आआ’ म्हणजे भट्टीतल्या खंगरासारखा चुरचुरीत, काटेरी ढीग. आआवर गाडी घालायचा विचारही नको. चालतानाच बुटाचा तळ सोलला जातो आणि पायाखाली काचेच्या तुकड्यांसारखा आवाज होतो. पाहोएहोए रस्त्यासारखा दिसतो आणि तिथेच चकवतो. त्याची वरची साय कित्येकदा पोकळीवर तोललेली असते. इथिओपियाच्या अफार भागातल्या एर्टा अले ज्वालामुखीसारख्या ताज्या लाव्हावर वाटाड्याच्या पावलावर पाऊल टाकत जातात ते उगाच नाही.

आता टायरचं. वाळूवर हवा कमी करायची सवय ज्यांच्या हाताला लागली आहे, ते लाव्हाच्या वाटेवरही तेच करतात आणि पस्तावतात. हवा कमी केली की टायरची कुशी (बाजूची भिंत) बाहेर फुगते. तळव्यात पोलादी पट्टे असतात, कुशीत ते नसतात, आणि कुशीला गेलेली चीर रस्त्याकडेला पंक्चर काढून भागत नाही. रेगवर हवा थोडी उतरवली तर हादरे कमी होतात. हर्रावर ती उतरवायचीच असेल तर फार थोडी, आणि वेग माणसाच्या चालीइतका.

ओळखायचं कसं? निघण्याआधीच उपग्रहाची चित्रं बघा. लाव्हाच्या कडा सांडलेल्या काकवीसारख्या गोलसर जिभांच्या असतात, मध्ये कुठेतरी तोंड फुटलेले शंकू दिसतात. रेगमध्ये काळ्या सपाटीला फिकट वाहाळांच्या फांद्या चिरत जातात. प्रत्यक्ष जागेवर कड बघावी: हर्रा पायरी किंवा भिंत करून संपतो, रेग हळूहळू विरत जातो. उन्हं कलली की रेग तेल लावल्यासारखा चमकतो. आणि शेवटी खाली उतरून एक दगड उलटा करा. पोटाकडून तो नारिंगी-तांबूस निघाला, तर वरचा काळा रंग नुसता लेप आहे. मग तो होता तसाच, त्याच खळगीत परत ठेवा.

मुक्कामाला दोन्ही जागा तशा वाईटच. खुंट्या दोन्हीकडे धड ठोकल्या जात नाहीत. लाव्हावर दगड हाताशी असतात, तंबूच्या दोराचा ताण त्यांना बांधता येतो. फक्त दगड उचलताना विंचवाचं भान ठेवायचं. रेगवर दगड उपटू नयेत, ताण सरळ चाकाला बांधावा किंवा पिशवीत वाळू भरावी. उष्णता दोन्हीकडे छळते. इराणच्या लूत वाळवंटात २००५ साली उपग्रहाने ७०.७ अंश सेल्सियस नोंदवलं (हवेचं नव्हे, जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान). त्याच लूतमध्ये गंदोम बेरियान नावाचं काळ्या लाव्हाने झाकलेलं पठार आहे. नावाचा अर्थ ‘भाजलेला गहू’.

पाण्याचं वागणं मात्र पार वेगळं. कोवळ्या लाव्हावर पडलेला पाऊस भेगांतून गुडुप होतो. रेगच्या खालची बारीक माती पाणी सहजासहजी मुरू देत नाही, ते वरून धावतं आणि जवळच्या वाहाळात एकदम उतरतं. म्हणून रेगवरचा वारा चुकवायला खालच्या वाहाळात तंबू लावणं ही चूक आहे. जॉर्डनच्या हर्रामध्ये मधूनमधून चिखलाच्या सुकलेल्या सपाट्या आहेत, अंगणासारख्या. कोरड्या असताना मुक्कामाला त्यांच्यासारखी जागा नाही, पण पाऊस झाला की गाडी तिथेच रुतते.

आणखी एक फरक पटकन लक्षात येत नाही, तो होकायंत्राचा. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज असतं, त्यामुळे हर्रावर सुई भरकटू शकते, फोनमधलं होकायंत्रही. दगडावर ठेवून कधी दिशा घेऊ नका. उभ्याने घ्या, आणि चार पावलं चालून जीपीएसशी ताडून बघा. व्हार्निशच्या थरात सुईला हलवण्याइतकं काही नसतं.

इथवर सगळं सरळ होतं. पण हर्रा म्हातारा झाला की त्याचा रेग होतो. मदिनेजवळच्या हर्रत रहातमधला सगळ्यात ताजा लाव्हा १२५६ सालच्या उद्रेकाचा. लाव्हाच्या मानाने कोवळाच म्हणायचा. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातल्या ‘सीमा’ नावाच्या ज्वालामुखी क्षेत्रात तरुण आणि लाखो वर्षं जुने प्रवाह शेजारी-शेजारी आहेत. तरुणांवर खाचखळगे आहेत. जुन्यांवर वाऱ्याने धूळ आणून भरली, दगड त्या धुळीच्या वर तरंगत राहिले, फरशी तयार झाली आणि तिच्यावर व्हार्निशही चढलं. इथे दगड उलटायची युक्ती पांगळी पडते: पोट तांबूस किंवा चुन्याने पांढरं, आणि फुटलेल्या कडेवर बघावं तर आत काळाकरडा बेसाल्ट. अशा ठिकाणी स्टेपनी दोन हव्यात, आणि आधी कुणीतरी पाडलेली चाकोरी सोडायची नाही.