ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र बांधताना

सोसायटी असो, ज्येष्ठ नागरिक संघ असो की ग्रामपंचायत, विरंगुळा केंद्राचे बोलणे बहुधा हॉलपासून सुरू होते. किती माणसे मावतील, स्टेज हवे का, एसी लावायचा का. अशा केंद्रांचे आराखडे करताना आमचा आग्रह असतो की आधी फाटकापासून स्वच्छतागृहापर्यंतची वाट ठरवू. ‘तिथे पायऱ्या किती? बाथरूम कुठे?’ ही धास्ती असली, की हॉल कितीही देखणा असो, आजी घरातून निघतच नाहीत.

फाटक ते दार

रॅम्पला 1 फूट उंचीमागे किमान 12 फूट लांबी लागते. जोते दीड फूट असेल तर 18 फूट, शिवाय दोन्ही टोकांना 5-5 फूट सपाट जागा. जागा अपुरी म्हणून रॅम्प आखूड आणि जास्त चढाचा केला, तर तो व्हीलचेअरच्याही कामाचा नाही आणि काठीच्याही. कठडा दोन्ही बाजूंना हवा, कारण अर्धांगवायूनंतर एकाच हातात जोर उरलेल्या माणसाला जाताना एका बाजूचा आधार लागतो, येताना दुसऱ्या.

दाराबाहेर छप्पर असलेली पडवी ठेवा. चपला काढायला बाक, छत्र्यांना जागा, भिंतीला धरायला दांडी. खर्च वाढला की पहिली कात्री इथेच लागते, आणि आम्ही तिला ठाम विरोध करतो. भजनात किंवा कॅरममध्ये रस नसलेली माणसेही रस्त्याकडे बघत इथे तासभर बसतात. आत येण्याची सवय त्यातूनच लागते.

स्वच्छतागृह

दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. आत कोणी चक्कर येऊन पडले, तर आत उघडणारे दार त्यांच्याच अंगाला अडते. कडीही बाहेरून उघडता यायला हवी. कमोडची बैठक साधारण 18 इंच उंच घ्या. आधाराच्या दांड्या पक्क्या भिंतीत रोवायच्या, नुसत्या टाइलला स्क्रू मारून भागत नाही. उंबरठा नको, पाणी अडवायला हलका उतार आणि जाळी पुरते. फरशी खरखरीत घ्या. चकाकणारी ओली फरशी या इमारतीत कुठेच नको.

हॉल

वयाबरोबर डोळ्यांपर्यंत पोहोचणारा उजेड कमी होतो, म्हणून दिवे नेहमीपेक्षा जास्त लावा, पण झगमगाट नको. बोलणाऱ्याच्या पाठीशी खिडकी असली तर त्याचा चेहरा काळा दिसतो आणि ओठांच्या हालचालीवरून बोलणे समजून घेणाऱ्यांची पंचाईत होते. टाइल, काच आणि उघडा स्लॅब यांमुळे आवाज घुमतो. श्रवणयंत्र तो गोंगाटही मोठा करते. जाड पडदे आणि कापडी बोर्ड यांनी बराच फरक पडतो. खुर्च्यांना हात हवेतच, कारण उठताना त्यांवरच भार येतो.

पहिल्या भेटीला येताना जागेचा नकाशा आणा, आणि जमल्यास रोज येऊ इच्छिणाऱ्या दोघा-तिघा ज्येष्ठांनाही. काठी किंवा वॉकर वापरणारे कोणी असतील तर फारच चांगले. ते यायचे असतील, तर आम्हीच तुमच्याकडे येऊ.