नाशिक जिल्ह्यातील गोड्या पाण्याची मासेमारी

नाशिक जिल्ह्यातील नद्या, ओढे व धरणांच्या जलाशयांत चालणारी मासेमारी आणि त्या पाण्यातील देशी मासे. जिल्ह्याचे पाणी तीन वाटांनी जाते. गोदावरी, दारणा व कडवा पूर्वेला वाहतात; गिरणा व मोसम तापीच्या खोऱ्यात उतरतात; वैतरणा, दमणगंगा व पार घाट उतरून पश्चिमेला समुद्राकडे जातात. त्यामुळे सबंध जिल्ह्याचे मासे म्हणून एकच यादी धरणे योग्य नाही. शास्त्रीय नामकरणाच्या दृष्टीने यांतील दारणाकाठ सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

दख्खनच्या माशांची पहिली व्यवस्थित वर्णने लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री सायक्स यांनी १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केली. खुद्री (खडशी), नुक्ता (नकटा), कोलुस (कोळशी) ही त्यांनी दिलेली जातिनामे स्थानिक मराठी नावांवरूनच घेतलेली दिसतात. मात्र त्यांचे बरेचसे नमुने पुण्याच्या आसपासचे, म्हणजे भीमा-कृष्णा खोऱ्यातले. गोदावरीच्या शिरोभागातील लहान माशांना स्वतंत्र ओळख मिळाली ती सुमारे शंभर वर्षांनी, दारणाकाठच्या देवळालीच्या नमुन्यांमुळे.

मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९३५ मध्ये देवळालीच्या नमुन्यांवरून डॅनिओ फ्रेझरी ही जाती वर्णिली. १९३८ मध्ये होरा व मिश्रा यांनी मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात आणखी दोन जाती मांडल्या : बार्बस फ्रेझरी आणि पॅरासायलोऱ्हिंकस प्रॅटेरी. पहिलीला आता पुंटियस वंशात ठेवतात व इंग्रजीत ती दारणेच्याच नावाने ओळखली जाते. दुसरीचे नाव त्या संस्थेशी संबंधित एस. एच. प्रेटर यांच्यावरून पडले असून तिचे प्रचलित इंग्रजी नाव देवळालीवरून आहे. तिच्या वंशाच्या स्थानाविषयी मतभेद आहेत. होरा यांनी १९२१ मध्ये हा वंश स्थापताना सायलोऱ्हिंकस या दुसऱ्या वंशाशी जवळीक मानली आणि नावातच ती नोंदवली. पुढील अभ्यासकांचा कल त्याला गॅरा या दगडाला चिकटून राहणाऱ्या माशांच्या गटात ठेवण्याकडे आहे. ओठांची व खालच्या अंगाची ठेवण पाहता हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रॅटेरी ही जाती आज अतिसंकटग्रस्त मानली जाते. गोदावरीवरील नांदूर मध्यमेश्वर जलाशय २०२० मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाला तेव्हा तिचा उल्लेख तेथील जाती म्हणून झाला. दारणा नांदूरच्या वरच गोदावरीला मिळते, तेव्हा ते अशक्य नाही. पण वाहत्या, खडकाळ ओढ्याचा हा मासा गाळाच्या उथळ पाण्यात रमेल असे वाटत नाही. त्याचा शोध व जपणूक वरच्या ओढ्यांतच व्हायला हवी.

इगतपुरी, पेठ, सुरगाणा या घाटपट्ट्यात मासेमारीचा हंगाम पहिल्या जोरदार पावसाला सुरू होतो. ओढ्यांना पूर आला की मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढतात आणि भातखाचरांपर्यंत पोहोचतात. हीच वलगण. बांधाच्या तोंडाशी बांबूचे सापळे लावून किंवा नुसत्या हातांनी, कंदिलाच्या वा बॅटरीच्या उजेडात ते धरतात. गाबोळीने भरलेल्या माशाला चव असते हे खरे, पण त्या वेळी धरलेल्या एका मादीबरोबर पुढची सारी वीणच जाते. बाकीच्या दिवसांत ओढ्यात मुऱ्या, डोकऱ्या, खेकडे, तर डोहात गळाला वाम व मरळ लागते. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात.

नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा १९०७ चा, दारणा धरण १९१६ चे आणि गंगापूर १९६५ चे. म्हणजे देवळालीचे नमुने अभ्यासले गेले तेव्हा दारणेचे वरचे पाणी आधीच अडलेले होते. स्थिर पाण्यात खडशीची पैदास होत नाही. तिला वाळूगोट्यांवरून वाहणारे स्वच्छ पाणी लागते. जलाशयांत आज भरणा आहे तो कटला, रोहू, मृगळ यांचा. हे मूळ उत्तरेकडील नद्यांचे मासे. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या टोचणीने त्यांचे प्रजनन यशस्वी केल्यावर बीज मुबलक मिळू लागले. सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि १९५२ मध्ये देशात आलेली तिलापिया हे तर परदेशी. देशी माशांपैकी शिवडा, शिंगाडा, वाम व मरळ टिकून आहेत. मरळ हवेतला प्राणवायू घेऊ शकते, म्हणून उन्हाळ्यात आटलेल्या चिखलातही ती तग धरते.

धरणात मासेमारीचा हक्क मुख्यतः सहकारी संस्थांना ठेक्याने दिला जातो. त्यांत भोई व कोळी समाजाचे लोक अधिक. संध्याकाळी उभी जाळी सोडून पहाटे काढतात. काठावर पाग फेकतात. होडीच्या जागी पुष्कळदा फुगवलेली ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा असतो. सुरुंग लावून वा पाण्यात विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे; वनस्पतींचा रस टाकून डोह मारण्याची जुनी रीतही तिच्या कक्षेत येते.