मास्सा-कारारा (प्रांत)

मास्सा-कारारा : इटलीच्या तोस्काना प्रदेशाचा अगदी वायव्य टोकाचा प्रांत. क्षेत्रफळ सुमारे १,१५५ चौ. किमी., लोकसंख्या १ लाख ९० हजारांच्या आसपास. प्रशासकीय केंद्र मास्सा. नैर्ऋत्येस लिगुरियन समुद्र, पश्चिमेस ला स्पेत्सिया, उत्तरेस पार्मा, पूर्वेस रेज्जो एमिलिया आणि लुक्का हे प्रांत आहेत.

जगाला हा प्रांत ठाऊक आहे तो कारारा शहरामागच्या डोंगरात निघणाऱ्या पांढऱ्या संगमरवरामुळे. नकाशा उघडला की मात्र वेगळेच दिसते. किनाऱ्यालगत मास्सा, कारारा आणि मोन्तिन्योसो अशा तीनच नगरपालिका आहेत; उरलेल्या चौदा डोंगरापलीकडच्या लुनिजाना खोऱ्यात मोडतात. लोकवस्ती किनाऱ्याला आणि जमीन लुनिजानाला, अशी ही वाटणी आहे. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत लुनिजाना शेवटच्या पानावर येते, हे तिच्यावर अन्याय करणारेच आहे.

समुद्र आणि अपुआन आल्प्स यांच्यामध्ये सपाट जमिनीची जेमतेम एक पट्टी आहे. मारिना दि मास्सा आणि मारिना दि कारारा या किनारी वस्त्यांमधून मागे पाहिले तर डोंगर थेट अंगावर आल्यासारखे उभे दिसतात. मोन्ते साग्रो हे शिखर १,७०० मीटरहून उंच, तेही समुद्रापासून फार लांब नाही. भर उन्हाळ्यातही उतारांवर पांढरे पट्टे दिसतात. ते बर्फाचे नसून खाणीतून लोटून दिलेल्या दगडचुरीचे असतात. या डोंगररांगेमागे माग्रा नदीचे खोरे म्हणजे लुनिजाना, आणि त्याच्याही मागे अपेनाईन्स पर्वतरांग. चीझा खिंडीतून (सुमारे १,०४० मी.) पार्माकडे उतरता येते.

मध्ययुगापासून इथे मालास्पिना घराण्याच्या शाखा राज्य करीत. सोळाव्या शतकात किनाऱ्याची सत्ता चिबो-मालास्पिना घराण्याकडे आली व मास्सा आणि कारारा यांचे छोटे स्वतंत्र राज्य तयार झाले. नेपोलियनच्या काळात त्याची बहीण एलिझा हिने इथला कारभार पाहिला. तिने मास्सामध्ये राजवाड्यासमोरचे चर्च पाडून चौक मोकळा केला. आज तिथे संत्र्याची झाडे आहेत. १८२९ मध्ये राज्य मोदेनाच्या ड्यूककडे गेले आणि १८५९ मध्ये इटलीच्या एकीकरणाच्या धामधुमीत प्रांत जन्माला आला. तेव्हा गार्फान्याना खोरेही त्यात होते, ते १९२३ मध्ये लुक्काला जोडले गेले.

संगमरवर : सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या चुनखडकावर पुढे डोंगर घडताना प्रचंड दाब आणि उष्णता आली व त्याचे स्फटिक झाले. तोरानो, फान्तिस्क्रिती आणि कोलोन्नाता ही कारारामागची तीन मुख्य खाणक्षेत्रे. रोमन लोक इथला दगड लूना या बंदरातून रोमला नेत. रोममधला सम्राट त्राजानचा स्तंभ याच दगडाचा आहे. मायकेलअँजेलो स्वतः येऊन ठोकळे निवडत असे. रोममधल्या त्याच्या ‘पिएता’चा दगड इथला, आणि फ्लोरेन्सच्या ‘डेव्हिड’चाही. त्यातला ‘डेव्हिड’चा ठोकळा आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट टाकलेला होता.

दगड काढण्यापेक्षा तो खाली आणणे हे खरे जिवावरचे काम. चाके लावावीत असा रस्ता नसे. ठोकळे जाडजूड लाकडी ओंडक्यांवर बांधून त्यांची घसरगाडी करीत आणि ती उतारावरून हळूहळू सोडीत. मागून दोर वर खडकात रोवलेल्या खुंट्यांना वेढे देऊन धरलेले असत. पुढे मुकादम उभा, ठोकळ्याच्या अगदी समोर. तो साबण चोपडलेली लाकडे एकेक करून वाटेत आडवी ठेवायचा आणि दोर किती सैल सोडायचा ते ओरडून किंवा हाताच्या खुणेने सांगायचा. ठोकळा पुढे गेला की मागची मोकळी झालेली लाकडे उचलून पुन्हा त्याच्या हाती द्यायची. दोर तुटला तर पहिला बळी त्याचाच. ‘लिझ्झातुरा’ नावाची ही पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. १९२८ मध्ये रोममधल्या मुसोलिनीच्या स्तंभासाठी काढलेला सुमारे ३०० टनांचा अखंड दगडही साबण, लाकडे आणि बैलांच्या कित्येक जोड्या लावूनच किनाऱ्यावर आणला गेला. त्याच्या कितीतरी आधी, १८७६ पासून, खाणींसाठी खास रेल्वे धावू लागली होती. ती १९६४ मध्ये बंद झाली आणि तिच्या पुलांवरून आता ट्रक जातात. कापणीसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाळू-पाण्याबरोबर चालणारी पिळाची तार आली, आणि गेल्या काही दशकांत हिऱ्याचे मणी ओवलेली तार.

मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटच्या जाहिरातींत ‘इटालियन मार्बल’ हमखास असतो, पण तो सगळा इथलाच असे समजू नये. ‘स्टॅच्युएरिओ’ हा प्रकार कारारामागच्या डोंगरांचा. ‘बोत्तिचिनो’ मात्र उत्तरेकडच्या ब्रेशाजवळचा. शिवाय आज डोंगरातून निघणाऱ्या मालाचा मोठा वाटा ठोकळ्यांचा नसतोच. चुरा दळून त्याचे कॅल्शियम कार्बोनेट कागद, रंग आणि टूथपेस्टमध्ये जाते.

डोंगर कुणाचा, हा इथला जुना वाद आहे. १७५१ मध्ये इथली डचेस मारिया तेरेसा चिबो-मालास्पिना हिने वटहुकूम काढून वीस वर्षांहून जास्त वहिवाट असलेल्या खाणी त्या-त्या कुटुंबांकडे ठेवल्या. त्याच आधारावर काही खाणमालक आजही खासगी हक्क सांगतात. २०१५ मध्ये तोस्काना सरकारने कायदा करून या खाणी नगरपालिकेच्या ठरवल्या. पुढच्याच वर्षी घटनात्मक न्यायालयाने, हा विषय प्रदेशाच्या अखत्यारीतला नाही म्हणून, ते कलम रद्द केले. दरम्यान कापणीतून निघणारा पांढरा गाळ झऱ्यांत उतरतो आणि मोठ्या पावसानंतर मास्साची फ्रिजिदो नदी दुधाळ होऊन वाहते. प्रदूषणाचा इथल्या लोकांना आलेला सर्वांत वाईट अनुभव मात्र खाणींचा नाही. १७ जुलै १९८८ रोजी मास्सामधल्या फार्मोप्लांट या कीटकनाशकांच्या कारखान्यात स्फोट झाला. कारखाना बंद करावा असा कौल नागरिकांनी आदल्या वर्षीच सार्वमतात दिला होता.

खाणकामगारांमुळे कारारा अराजकवादी, म्हणजे राज्यसत्ताच नको म्हणणाऱ्या, चळवळीचे माहेरघर बनले. १८९४ मध्ये इथे उठाव झाला आणि तो लष्कराने चिरडला. पुढे कामगारनेते आल्बेर्तो मेस्की यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी साडेसहा तासांचा कामाचा दिवस मिळवला. त्या काळात हे विरळाच. आंतरराष्ट्रीय अराजकवादी महासंघाची स्थापनाही १९६८ मध्ये याच शहरात झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची ‘गॉथिक’ संरक्षणरेषा प्रांतातून गेली. जुलै १९४४ मध्ये शहर रिकामे करण्याचा जर्मन हुकूम कारारातल्या बायकांनी रस्त्यावर उतरून हाणून पाडला. त्याच उन्हाळ्यात सान तेरेंझो मोन्ती आणि विंका या गावांत शेकडो निःशस्त्र माणसांची कत्तल झाली.

कोलोन्नाताची चरबी हा कामगारांच्या शिदोरीचा पदार्थ. संगमरवराच्या कुंडीला आतून लसूण चोळायचा, मग डुकराच्या पाठीच्या चरबीचे तुकडे आणि मीठ, मिरी, रोझमेरी, लसूण यांचे थर द्यायचे आणि वर दगडी झाकण ठेवून किमान सहा महिने मुरवायचे. एकेकाळी ती भाकरीसारख्या जाड पावाबरोबर, कांदा-टोमॅटोसोबत खाणीवरच खाल्ली जाई. २००४ पासून तिला युरोपीय भौगोलिक मानांकन आहे आणि किंमतही त्याला साजेशी.

लुनिजाना : चेस्टनटची जंगले, दगडी गावे आणि मालास्पिनांचे किल्ले. कवी दान्ते हद्दपारीत असताना १३०६ मध्ये या घराण्याच्या आश्रयाला होता आणि लूनाच्या बिशपशी त्यांचा तह त्यानेच घडवून आणला. रोमकडे जाणारा फ्रान्चिजेना हा यात्रामार्ग चीझा खिंडीतून इथे उतरतो. ७ सप्टेंबर १९२० च्या भूकंपात फिविझ्झानो आणि आसपासची गावे उद्ध्वस्त झाली. पोन्त्रेमोलीच्या किल्ल्यात ताम्रयुगापासूनच्या मानवाकृती शिळा ठेवल्या आहेत. त्यांतल्या कित्येकांचे डोके अर्धचंद्रासारखे आहे, चेहऱ्यावर तोंड नाही, आणि पुरुषांच्या शिळांवर खंजीर कोरलेला आहे. चेस्टनट मंद धगीवर वाळवून त्यांचे पीठ करतात. पूर्वी तेच इथल्या गरिबांचे मुख्य अन्न होते. तेस्तारोली म्हणजे तापलेल्या बिडाच्या तव्यावर झाकण ठेवून केलेले गव्हाच्या पिठाचे घावनच. फरक इतकाच की ते चौकोनी कापून क्षणभर गरम पाण्यात बुडवतात आणि तुळशीच्या चटणीबरोबर वाढतात.

मोन्तेरेज्जो या डोंगरी गावातले लोक पाठीवरच्या टोपल्यांत पुस्तके घेऊन इटलीभर विकत फिरत. त्यांच्या वारसांनी ‘बांकारेल्ला’ हा साहित्यपुरस्कार सुरू केला. १९५३ मध्ये पहिला पुरस्कार अर्नेस्ट हेमिंग्वे यांना मिळाला. विजेता ठरवायचे काम समीक्षकांकडे नाही. मते पुस्तकविक्रेते देतात.